ब्रशाचे केस

रंगाचं काम बघायला आलेला माणूस भिंत बघतो, डब्यावरचं कंपनीचं नाव वाचतो, मजुरी किती ते विचारतो. रंगाऱ्याच्या हातातल्या ब्रशाकडे कुणी बघत नाही. ब्रश ही वस्तूच अशी, की काम झाल्यावर तिची खूण राहू नये. दारावर ब्रशाची रेघ दिसली तर रंगारी कच्चा, असं आमचे आबा म्हणायचे.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव भिवंडी तालुक्यात, पडघ्याच्या बाजूला. पावसाळ्यात भातशेती, आणि भात झोडून घरात आलं की आबा सकाळच्या एसटीनं भिवंडीला, रंगाच्या कामाला. दिवाळीची कामं भातकापणीत अडकायची, म्हणून त्यांचा खरा धंदा लगीनसराईचा आणि ईदेचा. निजामपुऱ्यात त्यांची काही घरं ठरलेली होती. मागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असायचा आणि त्या आवाजात आबा दारं-खिडक्या रंगवायचे.

त्यांच्या धंद्यातला एक प्रश्न माझ्या डोक्यात कायमचा बसला आहे. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. समोरच्यानं ती विचारलेली नाही आणि आपण होऊन त्याला कळण्याची शक्यताही नाही. पण कळली असती तर त्याला ती नको झाली असती. अशी गोष्ट सांगायची की नाही? हा प्रश्न नीट समजायचा तर आधी ब्रश समजून घ्यावा लागेल.

ब्रशाचे भाग तीनच दिसतात: लाकडी मूठ, पत्र्याची पट्टी आणि केस. चौथा भाग आत असतो. केसांच्या मुळाशी, दोन थरांच्या मधोमध, लाकडाची किंवा पुठ्ठ्याची एक पाचर बसवलेली असते. तिच्यामुळे आत पोकळी राहते आणि त्या पोकळीत रंग साठतो. ब्रश डब्यात एक तृतीयांशच बुडवायचा आणि कडेला टेकवून झटकायचा. रंग मग केसांच्या मधून वर चढतो आणि दारावर टेकवला की हळूहळू खाली उतरतो. हीच पाचर लबाडीही करते. स्वस्त ब्रशात ती जाड घालतात, केस थोडे लावतात. दुकानात ब्रश भरगच्च दिसतो, रंग मात्र धरत नाही. आबा केस दोन बोटांनी फाकवून आत बघायचे आणि मगच पैसे काढायचे.

केस रंग कसा धरतात, हे कुणालाही घरी बघता येईल. कोरडा ब्रश पाण्यात बुडवा. पाण्यात असेपर्यंत केस सुटे-सुटे, फुललेले राहतात. बाहेर काढला की सगळे एकमेकांना चिकटून टोकदार होतात. केस ओले झाले म्हणून चिकटतात असं आपल्याला वाटतं, पण ते पाण्यातही ओलेच होते की! त्यांना एकत्र ओढतो तो पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण. बारीक केसांच्या फटीफटीत रंग धरून ठेवण्याचं कामही त्याच ओढीचं.

आता केस कशाचे? तेलाच्या रंगाला, म्हणजे आपण ज्याला ऑइल पेंट म्हणतो त्याला, सगळ्यात चांगले केस डुकराचे. हा केस मुळाशी जाड, शेंड्याला निमुळता आणि टोकाला आपोआप फाटलेला असतो. एका केसाची दोन-तीन टोकं होतात, त्यामुळे रंग जास्त धरला जातो आणि रेघ उमटत नाही. चीनमधून हे केस जगभर जातात. आपल्याकडे कानपूर ही त्यांची जुनी पेठ, आणि बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट ब्रश बनवण्यासाठी प्रसिद्ध. नायलॉनचे केस पहिल्यांदा १९३८ मध्ये अमेरिकेत दात घासायच्या ब्रशात आले. रंगाच्या ब्रशात ते पुढे आले, आणि पाण्याच्या रंगाला तेच चांगले, कारण डुकराचा केस पाणी पिऊन मऊ पडतो. पण ऐंशीच्या दशकात आमच्या भागात मिळणारा नायलॉनचा ब्रश दारावर रेघा ओढायचा. आबांना तो आवडायचा नाही.

चुन्याच्या काळात हा प्रश्नच नव्हता. चुना केस खातो. चामडं कमावणारे कातड्यावरचे केस काढायला चुनाच वापरतात. म्हणून चुन्याचा कुंचा झाडापासून केलेला असायचा: घायपाताच्या धाग्यांचा, नाहीतर शिंदीचा देठ ठेचून केलेला. आमच्याकडच्या वारली बाया भिंतीवर चौक लिहितात तेव्हा बांबूची काडी टोकाला चावून तिचाच ब्रश करतात आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवतात. तो ब्रश कशाचा आहे, हे त्या बाईला विचारावं लागत नाही. तिनंच तो केलेला असतो. हत्यार दुकानातून यायला लागलं तेव्हा हे ठाऊक असणं हातातून गेलं. ब्रशाच्या मुठीवर किती इंची ते छापलेलं असतं. केस कशाचे, हे बहुतेक वेळा नसतं.

निजामपुऱ्यातल्या घरांसाठी आबांनी स्वतःहून नायलॉनचे ब्रश वेगळे ठेवले होते. तसं कुणी सांगितलं नव्हतं. बाजारपेठेतला एक जैन शेठ मात्र उघड विचारायचा, "रंगारी, बाल कशाचे?" त्याला कुठल्याच जनावराचे केस चालत नव्हते. आबा म्हणायचे, शेठ विचारतो म्हणून त्याला मिळतं, मग जो विचारत नाही त्याला का मिळू नये?

१९८७ च्या मे महिन्यात रमजान होता. शाळेला सुट्टी, म्हणून मी आबांबरोबर पॉलिश पेपर मारायला जायचो. एका कोकणी मुसलमान घराचं दार चाललं होतं, जुनं, सागाचं, दोन फळ्यांचं. घरात एक म्हातारी होत्या, आबा त्यांना खाला म्हणायचे. पहिला हात मारून झाला होता. रंगात ब्रशाचे दोन-तीन केस अडकून राहिले, ते नवीन ब्रशाचं होतंच. आबांनी एक केस नखानं उचलला, बोटात फिरवला आणि थांबले. खिशातली काडी ओढून केस जाळला. नायलॉन जळत नाही, आक्रसतो, वितळतो, त्याची कडक गोळी होते. या केसाची राख झाली आणि माणसाचे केस जळाल्यासारखा वास आला. दुकानदारानं नायलॉनचा म्हणून दिलेला ब्रश डुकराच्या केसांचा निघाला होता.

आबांचे जोडीदार त्याच मोहल्ल्यातले, वयानं मोठे. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांनी आजूबाजूला बघून हळू आवाजात सांगितलं, "रहने दे. सूख जाएगा, ईद हो जाएगी. अभी तीन साल तो हुए हैं." तीन साल म्हणजे १९८४ ची दंगल. भिवंडीनं त्याआधी १९७० चीही पाहिली होती. हिंदू रंगाऱ्यानं मुसलमानाच्या दाराला काय लावलं, ही गोष्ट गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिचं काय होईल, याची उस्तादांना भीती होती, आणि ती भीती खोटी नव्हती.

आबांनी सांगितलं. ब्रश कसा आला तेही सांगितलं. खाला बराच वेळ दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "न सांगता गेला असतास तर माझ्यावर काही नव्हतं. आता सांगितलंस, आता मला या दाराला हात लावता येईल का?"

आबा म्हणाले, "खाला, तुमच्यावर नव्हतं, पण माझ्यावर होतं."

"मग तुझं ओझं तू माझ्या डोक्यावर ठेवलंस."

याला आबांकडे उत्तर नव्हतं. खालांनी घरातल्या मोठ्यांना विचारलं आणि रंग काढायचं ठरलं. आबांनी दोन दिवस पत्तीनं आणि पॉलिश पेपरनं ते दार लाकडापर्यंत खरवडलं, नवा ब्रश आणून, त्याचा केस सगळ्यांसमोर जाळून, पुन्हा दोन हात मारले. त्या दोन दिवसांची मजुरी घेतली नाही. ईदेच्या आत दार झालं. गल्लीत काही झालं नाही. पण पुढच्या वर्षी त्या घरचं बोलावणं आलं नाही.

आता विचार करू. उस्तादांची बाजू सोपी आहे असं समजू नका. ज्यानं काही केलं नाही आणि ज्याला काही ठाऊक नाही, त्याचा धर्म बुडत नाही, असं बहुतेक सगळी शहाणी माणसं मानतात. मग सांगून काय मिळवलं? खालांच्या मनाची शांती गेली, आबांचे पैसे गेले, ओळखीचं घर गेलं. हिशेब मांडला तर सगळ्या बाजूंनी तोटाच.

दुसरा आक्षेप असा, की हे कुठवर न्यायचं? लाकडाच्या पॉलिशचा चपडा लाखेच्या किड्यापासून होतो. जुन्या डिस्टेंपरमध्ये सरस असायचा, तो जनावरांच्या हाडा-कातड्याचा. प्रत्येक वस्तूचं कुळ शोधत बसलं तर कुठलंच घर रंगवून होणार नाही. आबांना हे ठाऊक होतं. सरसाची चौकशी ते करत बसले नाहीत. त्यांची मर्यादा साधी होती: मला ठाऊक आहे, आणि याला ते चालत नाही हेही मला ठाऊक आहे, एवढ्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर गप्प बसायचं नाही. यात एक पळवाट मात्र राहते. ठाऊकच करून घ्यायचं नाही, म्हणजे सांगायला नको. केस हातात आल्यावर आबा तो पुसून टाकू शकले असते. त्यांनी काडी ओढली. पळवाट तिथेच बंद झाली.

सगळ्यात जड आहे तो खालांचा शब्द. आपण पुष्कळदा खरं सांगतो ते दुसऱ्यासाठी नाही, आपलं मन हलकं व्हावं म्हणून. दहा वर्षांनी जाऊन सांगितलं असतं तर ते निव्वळ ओझं टाकणं झालं असतं, कारण दहा वर्षांनी खालांच्या हातात काहीच उरलं नसतं. त्या दिवशी रंग ओला होता, ईदेला दिवस बाकी होते. दार ठेवायचं की खरवडायचं, हे खाला ठरवू शकत होत्या. ज्याचं दार त्याला ठरवता यावं, एवढ्यापुरतं सांगणं त्याच्या कामाचं असतं. आणि सांगण्याचा खर्च सांगणाऱ्यानं उचलावा. आबांनी सांगून हात झटकले असते तर खालांचा शब्द पूर्ण खरा ठरला असता. त्यांनी पत्ती हातात घेतली, म्हणून तो निम्माच खरा ठरतो. निम्मा मात्र खरा आहे, हे मी मान्य करतो.

आबांना स्वतःला या केसांचं काही वाटत नव्हतं. आमच्या घराचं दार त्यांनी त्याच ब्रशानं रंगवलं होतं. दुसऱ्याचं मानणं आपल्याला पटलं पाहिजे असं नाही. पण ते त्याचं खरं मानणं आहे, हे धरून वागावं लागतं. १८५७ मध्ये काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी आहे, ही गोष्ट शिपायांत पसरली. साहेबांनी मग कितीही समजावलं तरी कुणी ऐकलं नाही, कारण विश्वास आधीच गेला होता. त्या उठावानंतर उत्तरेतून निघालेल्या मोमीन विणकरांपैकी कितीतरी कुटुंबं भिवंडीत येऊन स्थिरावली, इथल्या मागांवर बसली. चरबीचा प्रश्न क्षुल्लक होता असं आजही कुणी म्हणतं तेव्हा मला वाटतं, क्षुल्लक काय ते ज्याच्या दातांनी काडतूस तोडायचं होतं त्यानं ठरवायचं. मलेशियात २०१७ मध्ये सरकारनं डुकराच्या केसांच्या संशयावरून दुकानांतले रंगाचे ब्रश जप्त केले, कारण तिथे असे ब्रश वेगळे ठेवून तसं लिहावं लागतं. आपल्याकडे शाकाहारी पदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो. ब्रशावर ठिपका नसला तर ते काम रंगाऱ्याच्या तोंडाचं.

आता भिंतींवर रोलर फिरतो. टोरोंटोच्या नॉर्मन ब्रेकी यांनी १९४० च्या सुमारास तो शोधला, आमच्याकडे पोचायला पुष्कळ वर्षं लागली. नायलॉनही सुधारला, त्याची टोकं आता कारखान्यातच फाडून देतात. डुकराच्या केसांचा प्रश्न हळूहळू आपोआप मिटेल. पण मिठाईवाल्याला खवा कधीचा ते ठाऊक असतं, गॅरेजवाल्याला कुठला पार्ट जुना घातला ते, घर विकणाऱ्याला कुठली भिंत पावसात ओल धरते ते. त्यांना कुणी विचारत नाही. माझी थोरली बहीण अजून म्हणते, आबांनी त्या म्हातारीला उगाच त्रास दिला. मी म्हणतो, दिला, पण उगाच नाही. आमचं एवढंच एक भांडण अजून मिटलेलं नाही.