जीव माझा, धोका माझा?

मृग सरला, चंदेरी आणि नवरा-नवरीचे डोंगर हिरवे झाले, की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या तरुण मंडळींचे पाय घरात ठरत नाहीत. लोकलच्या खिडकीतून कड्यावरची पांढरी धार दिसते आणि मन तिकडे धाव घेते. यात वावगे काही नाही. आपली वालधुनी काकोळ्याजवळच्या डोंगरात निर्मळच जन्मते. पुढे वर्षानुवर्षे कारखान्यांचे रंगीत पाणी पोटात घेऊन उल्हासनगरात येताना तिच्याकडे पाहवत नाही. अशा नदीकाठी वाढलेल्या मुलाला एकदा तरी स्वच्छ पाणी पाहावेसे वाटले, तर त्याला दोष कोण देईल? (रविवारच्या मिस्सेला न दिसलेली मंडळी संध्याकाळी धबधब्याच्या फोटोंत दिसतात, हा विषय वेगळा!)

डोंगराची ओढ श्रद्धेच्या आड येत नाही. पुढे अकरावे पायस म्हणून पोप झालेले फादर अकिले रात्ती यांनी १८८९ साली आल्प्समधील मोंते रोझा शिखर पूर्वेच्या अवघड बाजूने सर केले होते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झालेले पिएर जॉर्जो फ्रासाती मित्रांना घेऊन डोंगर चढत असत. तेव्हा प्रश्न डोंगराचा नाही.

प्रश्न उभा राहतो तो पायवाट सुटते तेथे. कोंडेश्वरला आता गर्दी फार, म्हणून कुणीही न पाहिलेला धबधबा शोधायचा. ओढ्याच्या पात्रातून, झाडीतून, शेवाळलेल्या कातळावरून वर सरकायचे. घरच्यांनी टोकले तर उत्तर तयार असते : “जीव माझा, धोका माझा. तुम्हाला काय त्याचे?”

हे उत्तर आपण थट्टेवारी नेऊ नये. परमेश्वराने माणसाला स्वातंत्र्य दिले आहे, आणि जपून जपून घरात बसलेला माणूस अधिक पुण्यवान ठरतो असे कुठेही सांगितलेले नाही. पण धोका खरोखर एकट्याचा असतो का?

१६ जुलै २०२४ रोजी माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी मुंबईची एक तरुणी सुमारे तीनशे फूट खोल दरीत कोसळली. तिला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. तिच्या घरचे दुःख तिच्या घरच्यांनाच ठाऊक. आम्हाला आठवतात ती दोर बांधून दरीत उतरलेली माणसे. मुसळधार पावसात सुमारे सहा तास झटून त्यांनी तिला वर आणले, तरी ती वाचली नाही. त्या सहा तासांत त्यांचे स्वतःचे जीवही टांगणीला लागले होते, आणि त्यांच्याही घरी वाट पाहणारे कुणी असेलच. त्यांच्या वाट्याचा हा धोका कुणाच्या हिशेबात धरायचा?

आपल्याकडेही तेच. ज्याला आपण ‘वाट नसलेले रान’ म्हणतो, ते डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांचे रोजचे अंगण असते. लाकूडफाट्याची, गुरांची वाट त्यांना दिसते, आपल्याला दिसत नाही, एवढेच. खाली ऊन असताना वरच्या पठारावर सर आली, तर सकाळी घोटाभर असलेला ओढा पाहता पाहता छातीपर्यंत चढतो, हे त्यांना सांगावे लागत नाही. कुणी हरवले की पहिली हाक त्यांनाच जाते. बुडणारी मजुरीही त्यांचीच.

ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात वेगाच्या नादाने रस्त्यावर, समुद्रात वा हवेत स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष मानला आहे. त्यात धबधब्याचा उल्लेख नाही, पण आम्हाला तरी तो तेथे सहज बसतो असे वाटते. देवदूत झेलतीलच या भरवशावर मंदिराच्या टोकावरून उडी घेण्याचे प्रभू येशूने नाकारले होते. येथे तर देवदूतांच्या जागी वाडीतली माणसे असतात.

मात्र याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्याला अधिक टोचायला हवी. अपघाताची बातमी आली की आपण लगेच म्हणतो, “हौसेने गेले, आता भोगा.” यरीहोच्या आडरस्त्याला एकटा का गेलास, असे त्या चांगल्या शोमरोनीने जखमी वाटसरूला विचारले नव्हते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा चामटोलीचे गावकरी मदतीला धावले, आणि मग जवानांसोबत सुमारे एक हजार पन्नास प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्या प्रवाशांची काही चूक नव्हती हे खरे. पण चूक असती तर गावकरी काठावर उभे राहिले असते, असे आम्हाला वाटत नाही.

पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. कोंडेश्वर, बारवी ही नावे त्यांत येत आली आहेत. बंदी असेल तेथे जाऊ नये, हे उघड आहे. पण बंदीने गर्दी हटते, ती नवख्या पाऊलवाटांकडे वळते, आणि तेथे पाटीही नसते, पोलीसही नसतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. निघताना कुठे जातो आणि कधी परततो, हे घरी खरे खरे सांगावे. बंदी नसेल तेथेही वाडीतल्या एखाद्या दादाला ठरलेली मजुरी देऊन सोबत न्यावे. आणि ओढ्यापाशी येऊन “आज पाणी वाढेल, नको,” असे तो म्हणाला, तर पूर्ण दिवसाची मजुरी त्याच्या हातावर ठेवून तेथूनच मागे फिरावे.