कुंडीतल्या जिवाची जबाबदारी

वसंत आला की आमच्या बुऱ्हाणपुरात जैन घरांमध्ये दोन मतं होतात. तरुण सुना-मुलींना गच्चीवर कुंड्या मांडायच्या असतात, दाराला नवं तोरण लावायचं असतं, मुलांकडून कागदाची फुलं करून घ्यायची असतात. आणि घरातली एखादी वडीलधारी बाई शांतपणे विचारते, "माती उकराल, पाणी सांडाल, पानं तोडाल. एवढा आरंभ कशासाठी?" मागच्या फाल्गुनात आमच्या बायकांच्या स्वाध्यायात हाच विषय निघाला. एका बहिणीने सांगितलं, तिने या वादावर उपाय म्हणून प्लास्टिकची झाडं आणलीत. पाणी नको, माती नको, किडे नकोत, पाप नको. सगळ्या हसल्या, पण उत्तर कोणाला देता आलं नाही. त्या प्रश्नाचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही, हे पहिल्यांदा म्हणते. आपल्या धर्माने माती, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती या पाचांत एकेंद्रिय जीव मानला आहे. म्हणजे कुंडी भरायला घेतली की पहिल्या तिघांपैकी दोघांना आणि वनस्पतीला आपला हात लागलाच. श्रावकाला सगळी हिंसा सोडता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी पायऱ्या केल्या. चालत्या-फिरत्या त्रस जिवांना ठरवून मारायचं नाही, ही पहिली गोष्ट. स्थावर जिवांच्या बाबतीत मर्यादा ठेवायची, ही दुसरी. आणि या मर्यादेला धार यावी म्हणून अनर्थदंडाचं व्रत आहे. कारणाशिवाय जमीन खणणं, कारणाशिवाय पाणी ओतणं, जाताजाता पान तोडणं, या सगळ्याला तिथे प्रमादाचं वागणं म्हटलं आहे. आता कुंडीतलं झाड हे कारण आहे की विनाकारण? केवळ गच्ची छान दिसावी, शेजारणीने विचारावं, मोबाईलवर फोटो टाकता यावा, एवढंच असेल तर वडीलधाऱ्या बाईचा प्रश्न बरोबर आहे, असंच मी म्हणेन.

पण दुसरी बाजूही आपल्याच घरातली आहे. भगवान ऋषभदेवांनी लोकांना असि, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कामं शिकवली, असं जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात आहे. त्यांत कृषीही आहे आणि शिल्पही आहे, म्हणजे माती आणि हातकाम दोन्ही. त्यांची जन्मतिथी ऐन वसंतातच येते. आमच्या या सरहद्दीच्या गावात दोन पंचांगं चालतात, म्हणून हिंदी पंचांगवाले तिला चैत्र वद्य नवमी म्हणतात आणि मराठी पंचांगवाले फाल्गुन वद्य नवमी. दिवस एकच, पाडव्याच्या थोडा आधीचा. शिवाय प्रत्येक तीर्थंकरांच्या केवलज्ञानाशी एकेक झाड जोडलेलं आहे. ऋषभदेवांचा वड, महावीरांचा साल. ज्ञान झाडाखाली झालं आणि झाड लावणं मात्र पाप, असं सरळसोट कसं म्हणता येईल?

आपल्या मंदिरांत षट्लेश्येचं चित्र असतं. तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सहा जण भुकेले होऊन जांभळाच्या झाडाखाली येतात. एक म्हणतो, झाड मुळासकट पाडू. दुसरा म्हणतो, मोठ्या फांद्या तोडू. तिसरा लहान डहाळ्यांवर येतो, चौथा घोसांवर, पाचवा फक्त पिकलेल्या फळांवर. सहावा म्हणतो, खाली पडलेली पुरेत. काळ्या लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंत मन कसं हलकं होत जातं, ते लहान मुलालाही कळावं असं ते चित्र आहे. मी ते कितीतरी वर्षं पाहते आहे. पण बाई म्हणून मला एक प्रश्न पडतो, की हे सहाही जण खायला आलेले आहेत. पहिल्यांदा त्या झाडाला पाणी कोणी घातलं होतं? रानातलं जांभूळ असेल तर पावसाने घातलं असेल. पण दारातलं असेल तर? त्या चित्रात एक सातवी बाई कळशी घेऊन उभी आहे असं मी मनातल्या मनात समजते. घेताना मन कसं असावं हे चित्र सांगतं. देताना मन कसं असावं, हे तिच्याकडून शिकायचं.

ही कळशीवाली मी घरात पाहिलेली आहे. माझ्या सासूबाईंनी वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी सचित्तत्याग घेतला, म्हणजे श्रावकाच्या अकरा पायऱ्यांतली पाचवी. त्यांचा गच्चीवर एक मोगरा होता, जुन्या तेलाच्या डब्यात लावलेला. व्रत घेतलं त्या दिवसापासून त्यांनी त्याचं फूल तोडणं बंद केलं. पाणी मात्र रोज घालायच्या, तेही गाळलेलं. एका ओळखीच्या बाईंनी टोकलं, "आता हे कशाला? पाणी घालणं हाही आरंभच की." आरंभत्याग ही आठवी पायरी आहे, हे सासूबाईंना माहीत होतं. पण त्यांनी शास्त्र काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "अहो, त्याला डब्यात मी घातलं ना? आता ते पाण्याला कुठे जाईल?"

हे वाक्य मला फार मोठं वाटतं. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, आणि खाणंपिणं अडवणं. हे गाई-बैलांना, नोकरमाणसांना धरून सांगितलं आहे, हे मला ठाऊक आहे. पण कुंडीतल्या झाडाला ते लावून पाहा. जमिनीतलं झाड आपलं मूळ खोल नेऊन आपलं पाणी आपण शोधतं. कुंडीतलं झाड दावणीला बांधलेल्या गाईसारखं आहे. त्याला आपण बांधलं. आता त्याचं पाणी अडवलं तर तो पाचवा अतिचार नाही का? मला तरी वाटतं, की कुंडी भरण्यात जेवढी हिंसा आहे, त्याहून मोठी हिंसा भरलेली कुंडी विसरण्यात आहे.

आणि आमच्या गावात विसरणं फार महागात पडतं. माघ-फाल्गुनात हवा गोड असते, बाजारात रोपांच्या हातगाड्या येतात, झेंडू-पेटुनिया फुललेले असतात. आणावंसं वाटतंच. पण दोन महिन्यांत वैशाख येतो. तापीकाठचा हा टापू म्हणजे भट्टी. पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि गच्चीवरच्या कुंडीतली माती दुपारपर्यंत ठणठणीत होते. त्यातच सुट्ट्या लागतात, आपण माहेरी किंवा लग्नाला जातो. परत येऊन बघतो तर काड्या उभ्या. त्या वाळल्या काड्या कचऱ्यात टाकायच्या आणि पुढच्या वसंतात पुन्हा नवी रोपं. हे दरवर्षी चालतं आणि त्याला आपण 'हौस' म्हणतो.

बुऱ्हाणपूरकरांना पाण्याची किंमत कोणी शिकवायला नको. अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना 1615 मध्ये इथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उतारावर गावात आणलं. वरून दिसतात त्या ओळीने शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखे गोल हौद. आमच्या गावात 'कुंडी' म्हटलं की आधी हीच आठवते, मग फुलांची. आज घरोघरी नळ आहेत. 2022 मध्ये देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा म्हणून आमच्या जिल्ह्याचं नाव झालं. चांगलंच झालं. पण नळ आल्यापासून पाणी हातातून सहज सुटतं. पूर्वी ज्या विहिरीचं पाणी गाळलं, गाळण्यातले जीव त्याच विहिरीत हलकेच सोडायचे, अशी रीत होती. पाण्याला घर आहे, त्यातल्या जिवाला घर आहे, हे त्या रीतीत रोज आठवायचं. कुंडीला पाइप लावून उभं राहणाऱ्या हाताला ते आठवत नाही.

नदीपलीकडे जैनाबादला आहुखाना आहे. आहू म्हणजे हरीण. 1631 मध्ये मुमताजमहल इथे बुऱ्हाणपुरात गेली, तेव्हा तिला पहिल्यांदा तिथेच दफन केलं होतं, मग आग्र्याला नेलं. लोक ती गोष्ट सांगतात. मला मात्र तिथे नावाचाच विचार येतो. हरणं राखली होती ती शिकारीसाठी. हिरवळ तीच, पाणी तेच, पण त्यामागचा भाव वेगळा. बाग सुंदर आहे एवढ्यावरून ती दयेची आहे असं होत नाही. आपल्या गच्चीवरही हे खरं आहे. जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला की आपण फवारणी शोधतो. कोणी सांगतं, कडुनिंबाचं पाणी मारा, ते नैसर्गिक आहे. पण मरणाऱ्या जिवाला औषध कारखान्यातलं की झाडाचं, हा फरक कळत नाही. ही त्रस जिवांची ठरवून केलेली हिंसा झाली, आणि ती तर आपल्याला पहिल्याच पायरीवर बंद आहे. त्यापेक्षा जिला सारखी कीड लागते अशी झाडं लावूच नयेत. तुळस, मोगरा, सदाफुली, कोरफड ही आमच्या उन्हात तगतात आणि फार मागत नाहीत.

आता त्या प्लास्टिकच्या झाडाकडे येते. त्यात जीव नाही, हे खरं. पण आपल्याकडे हिंसा केलेली, करवलेली आणि तिला संमती दिलेली, अशी तिन्ही मोजतात. तेल उपसणं, कारखाना, त्याचा धूर आणि सांडपाणी, आणि दोन वर्षांनी रंग उडाला की नाल्यात किंवा उकिरड्यावर, जिथे गाय तोंड घालते. हे सगळं आपण डोळ्यांआड करवून घेतलं. हात स्वच्छ राहिले म्हणून हिंसा झाली नाही, असं आपला धर्म म्हणत नाही. उलट हिंसेचं मूळ तो प्रमादात, बेफिकीर मनात पाहतो. आणि प्लास्टिकच्या झाडाने ते बेफिकीर मन तसंच राहतं. मोगऱ्याला रोज पाणी घालणाऱ्या बाईला निदान रोज एक जीव आठवतो.

मग वसंताचं स्वागत करायचं कसं? मी माझ्यापुरतं ठरवलं आहे, ते सांगते. पटेल तेवढं घ्या.

रोप विकत घेताना फाल्गुनाचा विचार करत नाही, वैशाखाचा करते. वैशाखात जेवढ्यांना एका बादलीत पुरेल, आणि मी गावी गेले तर शेजारीण घालू शकेल, तेवढीच झाडं. आमच्याकडे ती सात आहेत. पाणी सकाळी, तांब्याने, मुळाशी. कडुनिंब-पिंपळाची पानगळ झाली की तो पाचोळा जाळत नाही, कुंडीत मातीवर पसरते. ओल टिकते, माती पुन्हापुन्हा उकरावी लागत नाही. ओला कचरा कुजवण्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत, त्यात जीव पडतात म्हणून. तिथे ज्याने त्याने आपल्या व्रताप्रमाणे ठरवावं. कंदाची झाडं मी लावत नाही.

सजावटीला तर गावच सामान देतं. इथल्या पॉवरलूमच्या कापडाच्या कडा आणि चिंध्या कवडीमोलाने मिळतात. त्या हळदीत रंगवून, गाठी मारून तोरण होतं, आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. रेशीम मात्र नको, त्यासाठी कोशातले किडे उकळतात. असीरगडाच्या वाटेवर पळस पेटलेला असतो. खाली पडलेली फुलं झटकून, निवडून आणावीत, वाळवून गरम पाण्यात टाकली की केशरी रंग उतरतो. केळीचं खोड एकदाच घड देतं आणि मग ते तोडतातच. त्याच्या सोपटाचा धागा काढून आमच्या जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बायका टोप्या, पिशव्या, चटया विणतात. त्या धाग्याची दोरी कुंडी टांगायला छान होते. गुढीला कडुनिंबाची डहाळी एकच, लहानशी. पूजेत आपल्यातले काही जण फुलं वाहतात, काही जण केशरात रंगवलेले तांदूळ वाहतात. ते तांदूळ मुलांकडून रंगवून घ्यावेत आणि तसं का करतात तेही त्यांना सांगावं.

आणि ज्या वडीलधाऱ्या बाई "एवढा आरंभ कशासाठी?" असं विचारतात, त्यांना गप्प करू नये. त्या प्रश्नाने आपली कुंड्यांची संख्या कमी होते, हात जपून चालतो. माझं म्हणणं एवढंच, की त्या प्रश्नाचं उत्तर "काहीच लावू नका" असं नसून "जेवढं सांभाळाल तेवढंच लावा" असं आहे. या वसंतात रोपवाल्याच्या गाडीपाशी थांबाल, तेव्हा आधी घरातल्यांना विचारा, मे महिन्यात याला पाणी कोण घालणार. एखादं नाव पुढे आलं, तर रोप घरी आणा.