गोधडी कुणाची, जाळं कुणाचं?

अमेरिकन लेखिका अ‍ॅलिस वॉकरच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेत आजीच्या गोधड्यांवरून दोन बहिणींचा पेच आहे. शहरात शिकलेल्या डीला त्या भिंतीवर टांगायच्यात. घरी राहिलेली मॅगी त्या पांघरणार, म्हणजे फाटणारच. आई त्या मॅगीलाच देते. मॅगीला गोधडी शिवता येते, हे तिला ठाऊक असतं.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त घराण्याची अब्रू म्हणून दागिने जपले जातात. वाडा ढासळत राहतो, प्रभाचं शिक्षण राहून जातं. शेवटी रंजू घर सोडते, तिच्यासोबत सोनंही जातं.

मग जपणं म्हणजे नेमकं काय?

उलव्यात हा प्रश्न पुस्तकातला राहिलेला नाही. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली. पाटा-वरवंटा, जातं, खाडीत टाकायचं जाळं, यातलं नव्या घरात काय न्यायचं? इथे डीचं म्हणणंही पटतं: वापरच संपला, तर भिंतीवर तरी राहू दे. पण जाळं टांगलं आणि विणायला घरात कुणीच शिकलं नाही, तर ती नुसती शोभा.

म्हणून आजोबांना आधी विचारा, जाळं विणायचं कसं. ते कुणाच्या वाट्याला, हे नंतर ठरवता येईल.