तहकूब सभा

पंधरा ऑगस्टला गाव लवकर उठतं. प्रभातफेरी, शाळेचं लेझीम, ग्रामपंचायतीसमोर झेंडावंदन, मग पाहुण्यांचं लांबलेलं भाषण आणि पोरांच्या मुठीत चुरा झालेली बिस्किटं. जिलेबीच्या गाड्यावर रांग. तरुण मंडळी मोटारसायकलींना झेंडे बांधून चार गावांना चक्कर मारायला निघतात. यात वावगं काहीच नाही. उत्सव हवाच, दीडशे-दोनशे वर्षांची गुलामी उलथवल्याचा दिवस सुतकासारखा कशाला पाळायचा?

पण त्याच दिवशी, किंवा त्याच्या आगेमागे, गावात आणखी एक कार्यक्रम असतो. त्याला ना लेझीम, ना ढोल. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये किंवा देवळाच्या मंडपात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर प्रोसिडिंगचं बुक, कोपऱ्यात खरखरणारा माइक. ही ग्रामसभा. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद. अठरा वर्षांची पोरगीही आणि ऐंशीची आजीही. सरपंचाला जाब विचारण्याचा हक्क दोघींना सारखाच.

सभेला गणपूर्ती लागते: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला जो आकडा लहान असेल तो. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं जमली की झालं. सकाळी जिलेबीच्या रांगेत तेवढी सहज असतात. सभेला मात्र पंधरा-वीस डोकी, त्यातही निम्मे सदस्य आणि त्यांचे भाऊबंद. मग गणपूर्तीअभावी सभा तहकूब. गंमत पुढेच आहे: तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. आलेल्या आठ-दहा जणांत ठराव मंजूर. काही गावांत सह्यांचं रजिस्टर मागाहून घरोघर फिरतं आणि लोक चहाचा कप बाजूला ठेवून, काय लिहिलंय ते न वाचता सही ठोकतात. स्वातंत्र्य गमावायला दर वेळी परकीय फौज लागत नाही, ते असंही हातचं जातं.

अशा वेळी मला कुंडल आठवतं. सांगली जिल्ह्यातलं हे गाव १९४३ च्या सुमारास औंध संस्थानात होतं आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजांना समांतर चालवलेल्या कारभाराचा, तो मोठा अड्डा. जी. डी. बापू लाड इथलेच. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा लुटला गेला, तेव्हा त्या मोहिमेत पुढे असलेल्या बापूंनी वयाची एकविशीही पुरी केली नव्हती. ही गोष्ट सगळ्यांना आवडते. प्रतिसरकारची तुफान सेना, भूमिगत कार्यकर्ते, शिक्षा म्हणून पायाला पत्री ठोकल्याच्या कहाण्या, सगळं रंगवून सांगितलं जातं. त्या शिक्षांबद्दल माझ्या मनात शंका आहेत, आणि त्या असायलाही हव्यात.

पण त्या पोरांचं दुसरं काम फारसं कुणी सांगत नाही, कारण त्यात थरार नाही. त्यांनी गावोगाव न्यायदान मंडळं उभी केली. बांधाचे तंटे, सावकाराचं कर्ज, नवऱ्यानं टाकलेली बाई, दारूचे गुत्ते असले प्रश्न तिथं सोडवले जात. लग्नात कर्ज काढून उधळपट्टी नको म्हणून साध्या, थोडक्या खर्चाच्या लग्नांचा आग्रह धरला. जरा डोळ्यांपुढे आणा: पाठीवर पोलिसांचा ससेमिरा, डोक्यावर बक्षीस, आणि विशी-बाविशीतली माणसं रात्री कंदिलाच्या उजेडात दोन भावांच्या सामाईक विहिरीचं भांडण ऐकत बसली आहेत. बांधाच्या एका हाताच्या वादावर तास-दोन तास. इंग्रज जायच्या आधीच ही पोरं कारभार शिकत होती. माझ्या लेखी गाडी लुटण्यापेक्षा हे अवघड होतं.

आज तेवढा धोका नाही आणि तेवढी रात्रही जागायची नाही. तरी सभेला जायचं म्हटलं की पोरं म्हणतात, "आपल्याला त्या राजकारणात पडायचं नाही." आणि मोठी माणसं म्हणतात, "अण्णा बघून घेतील." प्रत्येक गावात, तालुक्यात, राज्यात एक अण्णा असतातच. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी नेमकं याच सवयीवर बोट ठेवलं होतं. माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. धर्मात भक्ती ठीक, राजकारणात ती हुकूमशाहीकडे नेते, असं त्यांनी बजावलं. पुढे २६ वर्षांत आणीबाणी आली. ते भाषण आपण जयंतीला फ्लेक्सवर छापतो, वाचत मात्र नाही.

ग्रामसभेत बसायला यादीत नाव हवं, ते घालणंही आता सोपं आहे. पूर्वी मताला एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावं लागे. ६१व्या घटनादुरुस्तीनं १९८९ पासून ते वय अठरावर आणलं. यादीत नाव घालायला पूर्वी १ जानेवारी हीच एक तारीख धरत, आता वर्षात चार तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. अर्ज मोबाइलवरही भरता येतो. एवढं दार उघडं असताना कॉलेजातली कितीतरी पोरं निवडणूक लागल्यावर विचारत फिरतात, "माझं नाव का नाही?" यावर मला सहानुभूती वाटत नाही, हे उघडच सांगतो.

ज्या मोबाइलवर स्वातंत्र्यदिनाचं स्टेटस टाकायचं, त्याच मोबाइलवर ई-ग्रामस्वराज नावाचं सरकारी संकेतस्थळ उघडतं. आपल्या गावचा विकास आराखडा, त्यातली कामं, कशावर किती खर्च दाखवला ते तिथं बघता येतं. न सापडलं तर माहितीचा अधिकार आहे. साध्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. हे करायला वक्तृत्व लागत नाही, थोडा निबरपणा लागतो. पहिल्यांदा विचारलं की लोक हसतात, दुसऱ्यांदा "तू कुणाचा रे?" म्हणतात, तिसऱ्यांदा कागद काढून दाखवतात.

सभेची नोटीस बोर्डावर लागली की तिचा फोटो काढून वाड्यावस्त्यांच्या ग्रुपवर टाकायचा. शंभराचा आकडा गाठायला दहा पोरांनी दहा-दहा माणसं आणली तरी पुरे. आईला, वहिनीला महिला ग्रामसभेची तारीखही सांगायची, कारण ती वेगळी आणि आधी भरते. मग पुढच्या खुर्चीवर बसून, झेंड्याचा बिल्ला छातीवर असेल तर असू द्या, उठून एवढंच विचारायचं: सरपंच, खालच्या आळीच्या गटाराचं बिल निघालेलं दिसतंय, गटार कुठाय?