माईला साप नको

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. या दिवशी शंकर-पार्वतींनी द्यूत मांडले आणि भोलानाथ हरले, अशी कथा. म्हणून पाडव्याला एखादा तरी डाव खेळावा, असा प्रघात. आमच्या घरात पैसे लावून खेळायला सक्त मनाई, तेव्हा हा प्रघात आम्ही साप-शिडीवर भागवतो. साप-शिडीचे मूळ जो मोक्षपट, तो आपली परंपरा ज्ञानदेवांच्या नावाशी जोडते. त्या जुन्या पटावर शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत. असो. मला सांगायचे आहे ते मीच संगणकावर केलेल्या एका साप-शिडीबद्दल. खरे तर तिच्यातल्या एका ओळीबद्दल.

निवृत्तीनंतर मला संगणकाचा नाद लागला. पायथन नावाची एक भाषा आहे. गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थाने ती १९९१ साली लोकांपुढे ठेवली. तिला पायगेम नावाचे साहित्य जोडले की सोंगट्या पडद्यावर चालू लागतात. बाजारात मिळणारे खेळ बहुधा यंत्राच्या भाषेत उतरवलेले असतात, आत काय आहे ते आपल्याला वाचता येत नाही. पायथनचे तसे नाही. तुम्ही लिहिलेला मजकूर तसाच फाइलीत राहतो आणि तीच फाइल तुम्ही दुसऱ्याला देता. साध्या नोटपॅडमध्येही ती उघडते. शिवाय ओळीच्या आरंभी फुलीगोळ्याच्या चौकटीसारखे एक चिन्ह टाकले, की पुढचे शब्द संगणक वाचत नाही. ते माणसांसाठी असतात. मी ते मराठीत लिहितो. शाळा हिंदी आणि घर मराठी असे आयुष्य गेलेल्या आम्हा बुऱ्हाणपूरकरांना मराठी लिहायला तेवढीच एक जागा!

माझ्या आईला सारे घर माई म्हणते. वय ८४. पक्षाघाताने उजवा हात गेला, फासा टाकता येईना. पण डाव्या हाताने कळ दाबता येते. म्हणून तर हा खेळ केला. पहिल्याच संध्याकाळी ९८ च्या घरात तिला साप चावला आणि ती २८ वर आली. ‘माझं नशीबच तसलं,’ म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. त्या रात्री मी फाइलीत भर घातली : खेळणाऱ्याचे नाव माई असेल आणि दान तिला सापाच्या तोंडी नेत असेल, तर गुपचूप दुसरे दान टाकावे. वर मराठीत टिपून ठेवले, ‘माईला साप नको’. माई जिंकू लागली. जेवणही बरे जाऊ लागले.

त्या दिवाळीत फराळाच्या डब्यांबरोबर खेळाचे पेनड्राइव्ह खंडव्याला, जळगावला आणि रावेरला गेले. ती ओळ काढायची राहून गेली. रावेरला माझ्या चुलतबहिणीच्या सासूबाईंनाही माईच म्हणतात, हे माझ्या ध्यानात यायला वर्ष लागले. ते आणून दिले बहिणीच्या नववीतल्या मुलाने. फोनवर म्हणाला, ‘मामा, माईला साप नको म्हणजे काय?’

मी हसत हसत सांगितले. तो हसला नाही. ‘मग मी वर्षभर हरत होतो ते काय होतं?’

लहान मुलाबरोबर खेळताना बाप मुद्दाम हरतो. त्याला आपण रडीचा डाव म्हणत नाही, कौतुकच करतो. माझ्या ओळीचे समर्थन मी आधी असेच केले. पण बाप हरतो तेव्हा स्वतःचा डाव घालवतो. मी दुसऱ्याचा घालवला, त्याला न विचारता. महाभारतातल्या द्यूतात आपण शकुनीच्या फाशांना दोष देतो. मला आता युधिष्ठिर जास्त आठवतो. भावांना आणि द्रौपदीला पणाला लावताना त्याने कोणाला विचारले होते? आणि त्याच्याविषयी कोणी असे म्हणत नाही की तो दुष्ट होता.

‘सिव्हिलायझेशन’ या खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०१० साली एका भाषणात सांगितले होते, की जिंकण्याची शक्यता तिनास एक दिसत असली की खेळणारे जणू जिंकलोच असे धरून चालतात आणि हरले की तक्रार करतात. म्हणून खेळातले गणितच त्यांच्या बाजूने थोडे झुकवावे लागले. तिथे हरणारे यंत्र होते. यंत्र भिंतीकडे तोंड करून निजत नाही. माझ्या खेळात मात्र दोन्ही बाजूंना माणसे होती.

दुसरे समर्थन असे, की मी लपवले कुठे? फाइल तर उघडीच होती. आमच्या गावाजवळ कुंडी भंडारा आहे. १६१५ साली, खानखानान रहीमच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने गावाकडे आणले आणि त्या वाटेवर शंभराच्या आसपास कुंड्या खोदल्या. कुठल्याही कुंडीत वाकून बघा, खालून वाहते पाणी दिसते. पण वाकले तर! उघडे ठेवणे म्हणजे सांगणे नव्हे. रावेरच्या मुलाला संशय आला म्हणून तो वाकला. ज्यांना संशयच आला नाही, त्यांचे काय? तिन्ही घरांतून पुढे कोणाकोणाकडे नकला गेल्या, याचा हिशेब माझ्यापाशी नाही. लाडू खाल्ला की संपतो. ही वस्तू देऊनही उरते आणि परत मागवता येत नाही.

पोराने मात्र ओळ पुसली नाही. या दसऱ्याला त्याने सुधारलेली फाइल पाठवली. आता आरंभीच पडद्यावर मराठीत आणि हिंदीत प्रश्न येतो : आज माईला साप नको, चालेल का? सगळ्यांनी होकार दिला तरच ती सवलत मिळते. खाली माझ्या नावाशेजारी त्याने स्वतःचे नाव घातले आहे. परवानगी विचारली नव्हती, आणि विचारायला हवी होती असे मला वाटलेही नाही.

ती फाइल आमच्या संगणकावर चढवली. माईने चष्मा लावला, प्रश्न सावकाश वाचला, आणि आम्ही कोणी काही बोलायच्या आत डाव्या हाताने ‘नाही’ची कळ दाबली. मधल्या एका सापाने तिला खाली आणले. तिने सोंगटी घसरताना पाहिली.

‘आणि गेल्या वर्षी?’ तिने विचारले.

मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग नातवाला म्हणाली, ‘टाक रे, तुझी पाळी आहे.’