होस्ट इज डाउन

मामाच्या प्रेसमध्ये विंडोज एक्सपीवर चालणारा एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यात पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या त्या फाइल्स तिथल्याच जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडतात. मागच्या दिवाळीत त्यांची कॉपी घ्यावी म्हणून मी माझा लिनक्सचा लॅपटॉप जोडायला बसलो. उत्तर आलं : 'माउंट एरर ११२ : होस्ट इज डाउन.'

म्हणजे समोरचं मशीन बंद आहे. मामानं एक्सपीच्या स्क्रीनकडं बोट दाखवलं. "चालू आहे की रे."

खरंच चालू होतं. पिंग केलं तर उत्तरही येत होतं.

विंडोजमध्ये फाइल शेअरिंग चालतं ते एसएमबी या प्रोटोकॉलवर. जोडणी होताना दोन्ही मशीन आधी ठरवतात, कोणत्या आवृत्तीत बोलायचं. या आवृत्त्यांना तांत्रिक भाषेतही 'डायलेक्ट'च म्हणतात, म्हणजे बोली. एक्सपीला फक्त पहिली बोली येते. लिनक्सनं २०१७ पासून ती आपणहून बोलणं सोडलं. माझ्या लॅपटॉपनं सुचवलेली एकही बोली एक्सपीला येत नव्हती. त्यावरून लॅपटॉपनं ठरवून टाकलं की समोर कुणी नाहीच.

हसू आलं, आणि जरा लाजही वाटली. 'घरच्यांना सांगून उपयोग नाही, त्यांना कळतच नाही' असं मी किती वेळा म्हटलंय! तेव्हाही माझा एरर मेसेज समोरच्याबद्दल होता की माझ्याबद्दल?

मला वाटलं, धडा सोपा आहे. आपणच त्याच्या बोलीत बोलायचं. मग मी प्रेसमधल्या दोन्ही नव्या मशीनवरही एसएमबी १ चालू केलं, पासवर्ड काढले आणि फोल्डर सगळ्यांना खुलं केलं. दहा मिनिटांत सगळं जोडलं गेलं. मामा खूश. मामीनं चकल्यांचा डबा दिला. मी पुण्याला परत.

पण मला माहीत होतं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय पसरलं ते याच जुन्या बोलीतल्या भोकातून. कुणी कुठं क्लिक करायचीही गरज नव्हती; एका मशीनमधून ते आपोआप दुसऱ्यात शिरत होतं. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता. पण एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलेला. त्याच्यासाठी पॅच सर्वांना खुला झाला तो हल्ल्यानंतर.

हे मी मामाला सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही, कारण असलं काही विचारावं लागू नये म्हणूनच तर भाच्याला बोलावलं होतं. कौतुक माझ्या वाट्याला आलं, धोका त्याच्या. आणि पत्रिकांवर ज्यांचे पत्ते नि फोन नंबर आहेत, त्यांना तर कुणी विचारलंच नव्हतं. अशा मदतीला मदत म्हणायचं का?

'जुनं फेकून दे' म्हणणं सोपं होतं. पण तीही पळवाटच. ते मशीन माझ्या दृष्टीनं भंगार असेल, मामाची पंधरा वर्षं त्यात आहेत.

या उन्हाळ्यात परत गेलो. एक्सपीचं इंटरनेट तोडलं. मध्ये एक लिनक्सचा डबा ठेवला, दोन नेटवर्क कार्डं घालून. तो एका बाजूला एक्सपीशी, आणि फक्त त्याच्याशीच, जुन्या बोलीत बोलतो. दुसऱ्या बाजूला नव्या मशीनशी एसएमबी ३ मध्ये, पासवर्ड विचारून. नव्या मशीनवरचं एसएमबी १ बंद केलं. अख्खा दिवस गेला.

मग मामाला बसवून सांगितलं, दिवाळीत मी काय करून ठेवलं होतं. तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "तेव्हाच सांगायचं की. मला काय कळलं नसतं?"

दिवाळीत मी हेच तर गृहीत धरलं होतं. होस्ट चालूच होता.