आडनावाचा रकाना

धुळे जिल्ह्यातल्या शिरपुरात आडनाव सांगून माणूस सापडत नाही. ‘पाटील कुठं राहतात?’ असं विचारलं की उलट प्रश्न येतो, ‘कोणते?’ मग बापाचं नाव, मग गाव: अर्थ्याचे, थाळनेरचे की तऱ्हाडीचे. अहिराणीतली जुनी विचारणाच तशी आहे, ‘कोना पोऱ्या रे तू?’ लिहित्या जगात यावर आद्याक्षरांचा तोडगा निघाला. खानदेशात माणूस आर. डी. असतो, एस. के. असतो, शाळेत ‘व्ही. बी. सर’ एवढं पुरतं. वेगळं ओळखू येण्याचं काम इथं ही दोन अक्षरं करतात.

आडनावाचं ते काम कधी नव्हतंच. पाटील हा हुद्दा: सारा गोळा करणारा, तंटे मिटवणारा गावचा वतनदार. माळव्याच्या परमारांच्या ताम्रपटांत ‘पट्टकिल’ येतो. त्याच शब्दाचं मराठीत पाटील झालं, गुजरातीत पटेल. पाटीलकी एका घराची, पण भाऊबंद वाढले, वतनाचे वाटे पडले आणि नाव मात्र प्रत्येक वाट्यात अख्खंच गेलं. पुढं शाळेच्या दाखल्यात, कोर्टाच्या कागदात आडनावाचा रकाना आला, तेव्हा हाताशी हेच मानाचं नाव होतं. म्हणून लेवा पाटीदार, मराठा, गुजर, राजपूत, कोळी अशा कितीतरी समाजांत पाटील आहेत, आणि नुसत्या ‘पाटील’वरून जात कळत नाही. मला ही मोठी मोलाची गोष्ट वाटते. 1962च्या कायद्यानं महसुली पाटीलकी संपली, आडनाव उरलं. चौधरी, महाजन हीही पदंच. आसोद्याच्या महाजनांची लेक, कवयित्री बहिणाबाई, जळगावच्या चौधऱ्यांकडे सून म्हणून गेली, ती एका पदाच्या नावातून दुसऱ्या पदाच्या नावात.

शिरपूरचं राजकारण कित्येक वर्षं अमरीशभाई पटेलांभोवती फिरलं; तिकडे जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीतून लोकसभेवर गेले आणि गुजरातेत भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले. पाटलांच्या मुलखात पटेल, पटेलांच्या मुलखात पाटील.

सारख्या नावाची किंमत मतपेटीत चुकवावी लागते. 2014च्या लोकसभा निवडणुकीत रायगडात सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले. त्याच नावाच्या अपक्ष उमेदवाराला 9,849 मतं पडली होती. पुढं 2015पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो छापू लागले.

पण माझं मन अडकतं ते दुसऱ्याच आडनावाशी. शिरपूरहून बोराडीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी निघालं की हजेरीपटात पाटील संपतात आणि पावरा सुरू होतात. ओळीनं पावरा. 2009पासून इथले आमदारही काशीराम पावरा. पावरा हे जमातीचं नाव. या लोकांत कुळं आहेत, एका कुळात सोयरीक होत नाही, लग्नाची बोलणी करताना आधी कूळ पाहतात. म्हणजे माणसाला माणसापासून वेगळं ओळखायची पक्की रीत त्यांच्याकडे आहे, पाटलांपेक्षा चांगली. लग्नाच्या नोंदीत वर पावरा, वधू पावरा. घरात मात्र दोन कुळं, दोन मुळं. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात, सेंधव्याच्या बाजूला, त्यांच्याच बारेला म्हणवणाऱ्या नातलगांत सोळंकी, डावर, जमरे अशी आडनावं चालतात. इकडे रकान्यात जमातच आडनाव होऊन बसली. पाटलांनी आपलं नाव मिरवत आणलं होतं. पावऱ्यांना त्यांचं नीट विचारलंच गेलं नाही, असं मला वाटतं आणि त्याचं दुःख होतं. आता तेच नाव जातीच्या दाखल्याला आधार देतं. एका कागदावर कूळ आणि दुसऱ्यावर पावरा अशी तफावत पडली तर मुलाची शिष्यवृत्ती अडेल, या धास्तीनं बदलायला कोण धजणार?

1 मे 2024 रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात राज्य सरकारनं आईचं नाव आणलं: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. शिरपूरला हा निर्णय फार उपयोगी आहे. 2030च्या जूनमध्ये त्यांतली पहिली मुलं पहिलीत बसतील, तेव्हा एका वर्गातल्या दोन राहुल रमेश पाटलांना आईच्या नावावरून हाक मारता येईल. बोराडीच्या वर्गातही मूल, आई, वडील आणि शेवटी पावरा असं लिहिलेलं असेल. कुळाला तिथं अजून जागा नाही.